पॉप संगीताचं मासिक काढताय? या चुका टाळा

कुडाळच्या एसटी स्टँडजवळच्या स्टॉलवर आमचा पहिला अंक लागला, त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो. मासिकं दोरीला चिमट्याने टांगलेली, एकावर एक चढलेली. प्रत्येकाचा वरचा चार बोटं पट्टा तेवढा दिसत होता. बाकीच्यांची नावं त्या पट्ट्यात होती. आमचा पट्टा म्हणजे नुसतं निळं आकाश. नाव आम्ही मुखपृष्ठाच्या मधोमध टाकलं होतं आणि गायिकेचा चेहरा त्याच्याही खाली. संगणकावर ते देखणं दिसायचं. स्टॉलवर मात्र हे संगीताचं मासिक आहे हे कुणाला कळायला मार्गच नव्हता. तो अंक जवळजवळ गठ्ठ्यासकट परत आला.

पुढे आणखी अंक काढले, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या मास मीडियाच्या मुलांचे प्रकल्प पाहिले. चुका वरवर वेगवेगळ्या दिसतात. खणत गेलं की बहुतेकींच्या मुळाशी एकच सापडते: अंक कुणाच्या हातात जाणार हे कुणी ठरवलेलंच नसतं.

"वाचक: तरुण वर्ग"

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर हे तीन शब्द दिसले की मी वही परत देतो. पंधरा वर्षांची मुलगी आणि पंचविशीतला गिटारवाला दोघंही तरुणच, पण एका मासिकात मावत नाहीत.

ब्रिटनमध्ये १९७८ साली 'स्मॅश हिट्स' सुरू झालं ते शाळकरी वयाच्या वाचकांसाठी. गाण्यांचे शब्द, पोस्टर, भडक रंग, खेळकर भाषा. डेव्हिड हेपवर्थ आणि मार्क एलन या दोघांनीही त्याचं संपादकपद सांभाळलं होतं. याच दोघांनी १९८६ मध्ये 'क्यू' काढलं, वयाने वाढलेल्या आणि सीडी विकत घेऊ लागलेल्या श्रोत्यांसाठी. तिथे लांब मुलाखती आल्या, अल्बमची भरपूर परीक्षणं आली. माणसं तीच, संगीताची जाणही तीच. वाचक बदलला म्हणून मासिकाचा एकूण एक अवयव बदलला.

आम्ही आता अंकाआधी एका वाचकाचं अर्धं पान लिहितो. उदाहरणार्थ: सावंतवाडीत अकरावीला, रोज दाणोलीहून एसटीने ये-जा, फोन भावासोबत वाटून, बीटीएस या कोरियन बँडची चाहती, महिन्याचे सुटे पैसे मोजके. एवढं लिहिलं की निम्मे वाद आपोआप मिटतात. हलत्या गाडीत वाचणार, म्हणजे अक्षर बारीक चालणार नाही. दप्तरात दुमडणार, म्हणजे ए-फोरपेक्षा ए-फाइव्ह बरा. फोन कायम हातात नाही, म्हणजे तिला हवं ते कागदावरच असायला हवं.

मग डमी, म्हणजे अंकाची नमुना प्रत, काढायची आणि अशाच एखाद्या मुलीच्या हातात द्यायची. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं. आमच्या दुसऱ्या अंकाची डमी अशीच एका मुलीला दिली. तिने मागून पानं चाळली, मुलाखतीवर थांबली नाही, दोनदा मधलं पान उघडलं आणि म्हणाली, "काकानू, ह्यां माझ्या मामाक आवडात." तो शब्द मी अजून विसरलेलो नाही. संपादकीय मंडळात आम्ही सगळे तिच्या मामाच्याच वयाचे होतो, आणि नकळत आपल्यासाठीच अंक करत होतो.

इंग्रजी मुखपृष्ठाची नक्कल

ही चूक सगळ्यात जास्त दिसते, म्हणून जरा थांबून सांगतो. परदेशी मासिकाच्या मुखपृष्ठावर नावाची अक्षरं ऐसपैस, सुटी-सुटी मांडलेली असतात. मुलं तेच देवनागरीला करतात. अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते आणि 'सूरताल' या नावाचे चार तुकडे चार बाजूंना जातात. देवनागरी शब्द रेषेला लटकून उभा असतो. ती रेष तुटली की डोळा अडखळतो. नाव मोठं दिसायला हवं असेल तर टाइप मोठा करा, वजनदार वळणाचा फाँट घ्या, पण अंतराला हात लावू नका.

तसंच अक्षरांना बाहेरून रेघ काढण्याचं. पॉप मासिक म्हटलं की जाड पांढरी किनार हवीच असते. ती लावल्यावर जिथे काना शिरोरेखेला भिडतो, जिथे मात्रा अक्षरावर चढते, तिथे आतल्या रेघा उघड्या पडतात. उपाय सोपा आहे: अक्षरांचे आकार (आउटलाइन) करून घ्या, ते एकमेकांत जोडून एकसंध करा आणि मग किनार लावा.

'गाणाऱ्या' हा शब्द 'गाणार्या' असा छापून आला, किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडली, तर दोन गोष्टी तपासा. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावलाय का, आणि मजकूर युनिकोडमध्ये आहे का. जुन्या डीटीपीवाल्याकडून श्री-लिपीच्या युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर आला असेल तर तो आधी बदलून घ्यायलाच हवा. भाषा मराठी निवडली नसेल तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. आपल्या वाचकाला कारण सांगता येत नाही, पण पान परकं वाटतं.

फाँटांची आता चणचण नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेने केलेले 'बालू' आणि 'मुक्त' हे दोन्ही मोफत मिळतात. बालू गुबगुबीत, मथळ्याला आणि नावाला छान. 'मुक्त' हा वाचनाच्या मजकुराला. शाळकरी वाचकाच्या अंकाला मला ही जोडी पुरते. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीच्या हिशेबाने ठेवू नका. वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार, यांना जागा हवी. ९ पॉइंटच्या मजकुराला १३ ते १४ पॉइंट द्या.

पडद्यावरचा जांभळा, कागदावरचा काळपट

बीटीएसच्या चाहत्यांसाठी जांभळा हा साधा रंग नाही. २०१६ पासून तो त्यांच्या आणि बँडच्या नात्याची खूण झालेला आहे. आमच्या एका अंकात तो छापून आला तो पिकलेल्या करवंदासारखा. प्रेसवाल्याचा दोष नव्हता. पडद्यावरचा झगझगीत जांभळा चार शाईंच्या छपाईत येतच नाही. फाइल शेवटच्या क्षणी सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलली तर धक्का बसणारच. सुरुवातीपासून सीएमवायकेत काम करा, आणि जांभळा पडद्यावरून न निवडता प्रेसकडच्या छापील रंगतक्त्यावरून निवडा. मुखपृष्ठावर तोच जीव असेल तर पाचव्या स्वतंत्र शाईचा खर्च विचारून बघा.

रात्रीच्या कार्यक्रमातले फोटो असेच दगा देतात. मॅपलिथो हा बिनचकाकीचा साधा कागद शाई पितो आणि सावल्या आणखी गडद होतात. असे फोटो पडद्यावर थोडे जास्तच उजळ वाटतील इतपत उजळून पाठवा, किंवा ती पानं गुळगुळीत आर्ट पेपरवर घ्या.

आणि आपल्याकडचा पाऊस. जुलैत कागद दमट हवेने ताणला जातो, चार रंग एकमेकांवर नेमके बसत नाहीत. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक पांढरं देवनागरी अक्षर असेल तर उकार भरून जातात, अनुस्वार नाहीसे होतात. पावसाळी अंकात असा मजकूर टाळलेलाच बरा. मजकुराचा काळा नेहमी एकाच शाईचा ठेवा.

पोस्टरच्या नाकात पिन

मधल्या दोन पानांवर पोस्टर टाकायचं आणि गायकाचा चेहरा बरोबर मधोमध घ्यायचा. सेंटर पिन त्याच्या नाकातून जाते. चेहरा एका बाजूला घ्या, दुसऱ्या बाजूला हात, माइक, प्रकाश असं काही येऊ द्या. त्याहून मोठी चूक पाठीमागे असते. पोस्टर भिंतीवर गेलं की मागची दोन पानं कायमची गेली. मुलाखतीचा उत्तरार्ध तिथे असेल तर वाचकाला पोस्टर आणि मजकूर यांतलं एक निवडावं लागतं. तिथे जाहिराती टाका.

कोकणीपणा चिकटवू नका

आपल्या मातीतलं काहीतरी हवं म्हणून पॉप मासिकात दशावतारावर दोन पानं टाकलेली मी पाहिली आहेत. दशावतारावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच ती पानं वाचून वाईट वाटलं. शाळेच्या निबंधासारखा मजकूर, आणि शेजारी के-पॉपची बातमी. दोघांचाही अपमान. दुवा खरा असेल तरच आणा. शिमग्याला बेंजोच्या पथकात कीबोर्ड वाजवणारा मुलगा घरी बसून स्वतःचे बीट बनवतो, हा विषय. डबलबारीतला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातला, गवई चालू सिनेगीताची चाल अभंगाला कशी लावतो, हाही विषय. ते वाचकाच्या कानावर रोज पडत असतं.

भाषेचंही तसंच. मालवणी मथळा वेंगुर्ल्यात घरचा वाटतो, पण अलिबागचा आगरी-कोळी बोलणारा मुलगा त्याला आपला म्हणणार नाही. अंक अख्ख्या किनाऱ्यासाठी असेल तर मथळे साध्या मराठीत ठेवा आणि मुलाखतीत ज्याची बोली त्याच्या तोंडी राहू द्या. ती 'शुद्ध' करू नका.

थोडक्यात उरलेलं

गाण्याचे शब्द परवानगीशिवाय छापू नका. त्यांवर गीतकाराचा किंवा कंपनीचा हक्क असतो. फोटोंचंही तेच. मासिक नियमित विकणार असाल तर नोंदणी लागते. १ मार्च २०२४ पासून त्यासाठी नवा कायदा लागू आहे. सेंटर पिनच्या अंकाची पानं चारच्या पटीत धरा, आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) सोडा. क्यूआर कोड किमान दोन सेंटिमीटरचा, फिक्या पार्श्वभूमीवर गडद, भोवती मोकळी जागा ठेवून. पण ज्या वाडीत रेंजसाठी सड्यावर जावं लागतं तिथे तो नुसता ठिपक्यांचा चौकोन असतो. पान त्याच्याशिवाय पूर्ण व्हायला हवं.

गणपतीचा अंक काढणार असाल तर दिवस उलटे मोजा. चाकरमानी गाडीतून उतरण्याआधी गठ्ठे कणकवली, कुडाळ, रत्नागिरीच्या स्टॉलवर पोचलेले हवेत. श्रावणात प्रेसमध्ये आरतीसंग्रह, मंडळांची पत्रकं, बॅनर यांची रांग लागते आणि तुमचा अंक मागे पडतो. आम्ही फाइल आषाढातच देऊन टाकतो. देण्याआधी मुखपृष्ठाची एक प्रत छापतो, खालचा भाग दुमडतो, वरचा चार बोटं पट्टा तेवढा ठेवतो आणि टेबलाच्या पलीकडे उभं राहून मासिकाचं नाव वाचता येतं का ते बघतो.