फोन रिकव्हरी मोडमध्ये अडकलाय? आधी कव्हर काढा

सासऱ्यांचा अँड्रॉइड फोन गेल्या दिवाळीत असाच अडकला. काळी स्क्रीन, त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांची यादी. तीनदा बंद-चालू केला, तीनदा तीच यादी. दुकानदार ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल, डेटा जाईल’ म्हणून मोकळा झाला. घरी येऊन नवं कव्हर काढलं, तर आवाज वाढवायचं बटण त्याखाली दाबलेलंच राहत होतं.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरलं की रिकव्हरी मोड, म्हणजे फोन दुरुस्त करायची ही वेगळी यादी, उघडतो. ते बटण रुतलेलं असेल, तर फोनला वाटतं आपणच तो मागतोय. म्हणून कव्हर काढा आणि दोन्ही बटणं नखाने दाबून पाहा. ‘टिक’ होऊन परत वर येतात का? चिकटत असतील तर फोन बंद करून कडा कोरड्या, मऊ ब्रशने साफ करा.

मग यादीकडे वळा. इथे टच बहुधा चालत नाही. आवाजाच्या बटणांनी वरखाली जायचं, पॉवरने निवडायचं. सगळ्यात वरची ओळ असते ‘रिबूट सिस्टम नाऊ’. तीच निवडा. बहुतेकांचं काम इथेच होतं. यादीऐवजी आडवा पडलेला रोबो आणि ‘नो कमांड’ दिसलं, तर गूगलच्या पिक्सेलसारख्या फोनवर पॉवर दाबून धरा, आवाज वाढवायचं बटण एकदा दाबा आणि दोन्ही सोडा. यादी येते.

स्क्रीन थिजली असेल, बटणंही ऐकत नसतील, तर सक्तीने रिस्टार्ट करावं लागेल. सॅमसंगवर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण सात ते दहा सेकंद धरा. बाकी बहुतेक फोनवर नुसतं पॉवर बटण, तेही तीसेक सेकंद. हात दुखतो, पण सोडू नका. बॅटरी संपत आली असेल तर आधी अर्धा तास चार्जिंगला लावा.

तरीही परत तिथेच आला, तर ‘वाइप कॅशे पार्टिशन’, म्हणजे साठलेल्या तात्पुरत्या फाइल्स पुसणं, करून पाहा. यात फोटो, नंबर काही जात नाही. काही नव्या फोनमध्ये ही ओळच नसते.

तिच्या शेजारी असते ‘वाइप डेटा, फॅक्टरी रीसेट’. घाईत बोट इथेच चुकतं, म्हणून निवडण्याआधी ओळ पुन्हा वाचा. हा उपाय शेवटचाच. यात फोनमधलं सगळं जातं. जे गूगल खात्यात जमा झालंय तेवढंच परत मिळतं. शिवाय अशा रीसेटनंतर फोन जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड किंवा आधीचा स्क्रीन लॉक मागतो. तो आठवत नसेल तर थांबा, आधी दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदलून घ्या.

आयफोनचं गणित वेगळं. तिथे यादी नसते, केबल आणि कॉम्प्युटरचं चित्र दिसतं. आयफोन ८ पासून पुढच्या फोनवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडा, मग कमी करायचं दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. जमलं नाही तर कॉम्प्युटरला जोडून ‘अपडेट’ निवडा, ‘रिस्टोर’ नको. त्यात सगळं पुसलं जातं. कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर डाउनलोड व्हायला पंधरा मिनिटांहून जास्त लागली, तर फोन आपणहून त्या स्क्रीनवरून बाहेर पडतो. मग डाउनलोड पुरं होऊ द्या आणि फोन परत रिकव्हरीत नेऊन ‘अपडेट’ दाबा.