जादा कापलेले पैसे परत मागण्याआधी

मार्च लागला की नागपुरात कूलर खाली उतरतात आणि पंप, खस यांची ऑनलाइन मागणी घाईघाईत होते. समजा पंप दाखवला ४५० ला आणि खात्यातून गेले ९००. किंवा गेले ५२९, आणि वरचे ७९ कशाचे ते कळेना. या दोन्ही तक्रारींची तयारी वेगळी आहे, म्हणून कोणालाही फोन लावण्याआधी पैसे सध्या कोणाकडे आहेत ते शोधा.

नुसत्या मेसेजवर जाऊ नका, बँकेचं स्टेटमेंट उघडा. एकाच रकमेच्या दोन नोंदी असतील तर दोन्हींचे यूटीआर किंवा व्यवहार क्रमांक तारखेसकट उतरवून घ्या. दुकानाच्या ऑर्डरवर एकच पेमेंट दिसत असेल तर दुसरं बहुधा वाटेत अडकलंय. खात्यातून पैसे गेले पण दुकानाला मिळाल्याची पोच आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. तेवढे दिवस थांबा, मग बँकेकडे लेखी तक्रार करा.

बिलच फुगलेलं असेल तर काम जास्त आहे. इन्व्हॉइस डाउनलोड करून घ्या. वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या किंमत बदललेली असेल. खोकं रद्दीत टाकू नका. त्यावरची एमआरपी आणि बिल शेजारी ठेवून फोटो घ्या. मग बिलाची एकेक ओळ वाचा: डिलिव्हरी, हाताळणी शुल्क, आणि तुम्ही न मागितलेला विमा किंवा देणगी. ग्राहकाला न विचारता अशी भर घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. तक्रारीत त्यांचा उल्लेख जरूर करा.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, अ‍ॅपमधूनच घ्या. पैसे परत यायला पिन लागत नाही. कोणी मागितलाच तर फोन ठेवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

विक्री करणाऱ्या अ‍ॅपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निकाल लावावा, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. तसं झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. त्यासाठी आरबीआय चौकात चकरा मारायची गरज नाही, कागदी अर्जही चंदीगडलाच जातो.

७९ रुपयांसाठी ग्राहक आयोग मला तरी जडच वाटतो, तिथे १९१५ पुरे. रक्कम मोठी असेल तर मात्र कंपनी कुठलीही असो, तक्रार नागपूरच्या जिल्हा आयोगातच दाखल करता येते. खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी नाही, तक्रार दाखल करायची मुदत २ वर्षांची.