किरणोत्सर्गाची घटना घडली तर या चुका टाळा

एक्स-रे काढून बाहेर आलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही. किरण अंगातून आरपार गेले, विषय संपला. पण किरणोत्सर्गी धूळ कपड्यांवर, केसांत किंवा श्वासावाटे फुप्फुसात गेली, तर ती माणसाबरोबर घरी येते आणि तो जाईल तिथे पसरते. पहिला प्रकार नुसत्या किरणांच्या माऱ्याचा, दुसरा दूषणाचा. या दोन्हींची गल्लत झाली की उपायही चुकतात.

अनोळखी धातूची वस्तू हाताळणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक हीच.

डिसेंबर 2001 मध्ये जॉर्जिया या देशातल्या लिया गावाजवळ जंगलात लाकडं आणायला गेलेल्या तिघांना धातूची दोन गरम नळकांडी सापडली. भोवतालचा बर्फ वितळला होता. थंडीत ऊब मिळावी म्हणून त्यांनी ती रात्री जवळ ठेवली. आत स्ट्रॉन्शियम-90 हा किरणोत्सर्गी पदार्थ होता. नळकांडी फुटलेली नव्हती, अंगाला काहीच चिकटलं नाही, तरी काही तासांत उलट्या सुरू झाल्या आणि पुढे पाठीवर खोल भाजल्याच्या जखमा उमटल्या.

ब्राझीलमधल्या गोइयानियात 1987 साली उलटं घडलं. बंद पडलेल्या रुग्णालयातलं कर्करोगावरच्या उपचारांचं यंत्र भंगारासाठी फोडलं गेलं. आतली सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाची पूड अंधारात निळी चमकायची. ती लोकांनी कौतुकाने नातेवाइकांत वाटली, अंगाला लावली. सहा वर्षांच्या एका मुलीने पूड लागलेल्या हातांनीच खाल्लं. तिच्यासह चार जण दगावले, 249 जणांच्या अंगावर किंवा शरीरात सीझियम आढळलं आणि तपासणी एक लाखाहून जास्त लोकांची करावी लागली.

तेव्हा विनाकारण गरम लागणारी, आकाराच्या मानाने फार जड किंवा किरणोत्सर्गाचं तीन पात्यांचं चिन्ह असलेली वस्तू दिसली तर हात लावू नका. लांब व्हा, इतरांना अडवा, पोलिसांना कळवा. वस्तू लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यावर मारा चौथाईवर येतो. चार पावलं मागे सरणंसुद्धा वाया जात नाही.

उलट्या थांबल्या म्हणून निर्धास्त होणं

किरणांची मोठी मात्रा बसली की आधी मळमळ, उलट्या होतात, मग काही दिवस, कधी काही आठवडे, बरं वाटतं. तेवढ्या काळात अस्थिमज्जेत नव्या रक्तपेशी तयार होणं मंदावलेलं असतं. डॉक्टरांना पहिली उलटी नेमकी किती वाजता झाली ते सांगा. मात्रेचा अंदाज त्यावरूनही बांधतात.

घाईघाईने घासून धुणं

धूळ अंगावर पडली असेल तर आधी बाहेरचे कपडे काढा. एवढ्यानेच बहुतेक धूळ जाते. सदरा डोक्यावरून ओढून काढू नका, धूळ नाकातोंडात जाईल. बटणं सोडा, नाहीतर सरळ कापा. झटकू नका. कपडे पिशवीत घालून तोंड बांधा आणि माणसांपासून, जनावरांपासून दूर ठेवा. मग कोमट पाणी आणि साबण, हलक्या हाताने. खरखरीत घासलं की त्वचा सोलवटते आणि धुळीला आत जायला वाट मिळते. केसांना शाम्पू चालेल, कंडिशनर मात्र नको. त्याने कण केसांना धरून राहतात.

बाहेर पळत सुटणं

हवेत किरणोत्सर्गी ढग असताना रस्त्यावर येणं म्हणजे मारा आणि दूषण दोन्ही ओढवून घेणं. पक्क्या इमारतीत, खिडक्यांपासून लांब, मधल्या खोलीत थांबा. बाहेरची हवा आत ओढणारे पंखे बंद करा. प्रशासनाने हलायला सांगितलं तरच निघा.

आयोडीनला कवच समजणं

पोटॅशियम आयोडाइडची गोळी फक्त थायरॉइड ग्रंथीला आणि फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते. सीझियमपुढे, बाहेरून येणाऱ्या गॅमा किरणांपुढे तिचा काही उपयोग नाही. 2011 च्या जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातल्या दुर्घटनेनंतर चीनमध्ये आयोडीनयुक्त मिठासाठी झुंबड उडाली होती. त्यातलं आयोडीन इतकं कमी की पुरेशी मात्रा मिळवायला कुणीही खाऊ शकणार नाही एवढं मीठ लागेल. जखमेवर लावायचं आयोडीन तर पिऊच नका, ते विषारी आहे. गोळी घ्यायची ती सांगितल्यावरच.

जखमी माणसाला हात लावायला घाबरणं

रक्त वाहत असेल, श्वास अडकत असेल तर आधी ते सांभाळा, धुणं नंतर. हातमोजे, मास्क घाला, त्याचे वरचे कपडे काढून त्याला स्वच्छ चादरीत गुंडाळा. निघण्यापूर्वी दवाखान्याला फोन करून अंगावर किरणोत्सर्गी धूळ असू शकते हे सांगा, म्हणजे ते वेगळ्या दाराने आत घेण्याची तयारी ठेवतील.