शिष्यवृत्ती समितीत नव्यानं आलात? आधी १ जुलैचा हिशेब समजून घ्या

रोटरी घ्या नाहीतर लायन्स, अशा समाजसेवी क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. अध्यक्ष एका वर्षाचा. त्याच्याबरोबर सचिव, खजिनदार, समित्या, बहुतेक सगळंच बदलतं. इंजिनिअरिंगची पदवी मात्र चार वर्षांची असते. समितीत तुमचं नाव आलं असेल तर अर्जाचा नमुना, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, मुलाखत हे सगळं दोन मीटिंगांत अंगवळणी पडेल. त्याची धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायची ती एक वर्षाचा क्लब आणि चार वर्षांचं शिक्षण यांच्यामधल्या फटीची. मुलं तिथंच अडकतात.

मीही अडकलो होतो. शासकीय कॉलेजला नंबर लागला तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका क्लबनं माझ्या पहिल्या वर्षाचा खर्च उचलला. सत्कारात अध्यक्ष म्हणाले, ‘याच्या शिक्षणाची काळजी आता आमची.’ ते मनापासूनच बोलले होते आणि घरच्यांनीही ते तसंच घेतलं. पुढच्या जुलैत नवे अध्यक्ष आले. त्यांनी डायलिसिसचं काम हाती घेतलं होतं. चांगलंच काम होतं ते. पण माझं नाव ना कुठल्या ठरावात होतं, ना नव्या अंदाजपत्रकात. मेसचे पैसे भरायला आईनं बचत गटातून कर्ज काढलं. कुणी फसवलं नव्हतं, म्हणूनच कुणाकडे जाऊन भांडताही आलं नाही.

तेव्हा मंचावर ‘शिक्षणाची जबाबदारी घेतो’ हे वाक्य उच्चारण्याआधी पैसे बाजूला पडलेले असले पाहिजेत. वर्षाला २५,००० द्यायचे असतील तर चार वर्षांचे १ लाख. तुमच्याकडे १ लाखच जमले असतील तर चार मुलांना एकेक वर्ष देऊ नका. एकाच मुलीला किंवा मुलाला चारही वर्षं द्या. क्लबच्या बोर्डात या मुद्द्यावर वाद होईल, कारण चार सत्कारांचा कार्यक्रम मोठा दिसतो. तिथं मागे हटू नका. पहिल्या वर्षाचे देऊन उरलेले ७५,००० मुदत ठेवीत टाका. ठरावात विद्यार्थ्याचं नाव, वर्षवार रक्कम आणि ‘पुढील कार्यकारिणीवर बंधनकारक’ असे शब्द घाला. त्या ठरावाची प्रत विद्यार्थ्याच्या घरीही द्या. क्लबचा वेगळा नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर पैसे तिथंच ठेवा, कारण विश्वस्त सहसा दरवर्षी बदलत नाहीत. कायमस्वरूपी निधी उभारायचा म्हटलं तर ७ टक्के व्याजानं वर्षाला ३०,००० मिळवायला सव्वाचार लाखांच्या वर लागतात. तेवढे एका वर्षात जमत नाहीत, म्हणून तोवर थांबून राहू नका.

याच गुंत्यात आणखी एक गाठ आहे. पदाधिकारी बदलले की बँकेत सह्या बदलाव्या लागतात. ठराव, केवायसी, जुन्या अध्यक्षांची सही, मॅनेजर रजेवर… जुलै तर जातोच, कधी ऑगस्टही जातो. कॅप राउंडनंतर (म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीनंतर) फी भरायची मुदत मात्र नेमकी याच दिवसांत येते आणि ती कॉलेजात प्रत्यक्ष हजर होऊन पाळावी लागते. पहिल्या हप्त्याचा चेक जूनमध्येच, जुन्या सह्यांनी, काढून ठेवता आला तर उत्तम. पदग्रहण समारंभाची किंवा १५ ऑगस्टची वाट बघणं म्हणजे मुलाला सावकाराच्या दारात उभं करणं.

फीपेक्षा राहण्याजेवणाचा खर्च आधी विचारा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काचा भार हलका होतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. पण महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून येणारे, पैसे खात्यावर येईपर्यंत खोलीभाडं आणि मेस थांबत नाही. मुलाखतीत ‘ध्येय काय?’ विचारण्यापेक्षा ‘मेसचे पैसे कोण भरतं?’ विचारा.

शिकायचं कुणाकडून? माझं मत स्पष्ट आहे: दहा वर्षं हिशेब सांभाळलेल्या खजिनदाराकडून. माजी अध्यक्षांचा मान ठेवा, पण पावतीपुस्तक, ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलाची ९० दिवसांच्या आत द्यायची नोंद, हे सगळं त्या एका माणसाच्या डोक्यात असतं. रोख देणगीचा सोपा रस्ता तो तुम्हाला धरू देणार नाही. २,००० च्या वर रोख दिली तर देणगीदाराला आयकरात सवलत मिळत नाही, आणि हे नंतर कळलं की तो माणूस पुन्हा देणगी देत नाही. आणि तो पुठ्ठ्याचा मोठा चेक मुलांच्या हातात देऊन फोटो काढू नका. कॉलेजात तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतो.

हे वाचून घाबरला असाल तर सांगतो, काम जमतं. आज मी ज्या क्लबात आहे तिथं चार वर्षांचे पैसे आधी बाजूला काढायची पद्धत बसली आहे आणि त्यानंतर मधेच कुणाची मदत तुटलेली नाही.

फक्त नूतनीकरणाची अट घालताना जपा. ‘दरवर्षी ७५ टक्के’ असं लिहून टाकणं सोपं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा पहिल्या सेमिस्टरला एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, राहू शकतो. एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेला, तर मदत थांबवायची नाही, फोन करायचा, असं नियमातच लिहा. आणि फोन कोण करणार, त्याचं नावही त्याच ओळीत लिहा.