महाशीर मोजायला निघण्याआधी

तोर तोर आणि तोर खुद्री या महाशीर माशाच्या दोन जाती शेजारी ठेवल्या तरी पहिल्या नजरेत छातीठोक सांगणं अवघड. रंग पाण्यागणिक बदलतो आणि ओठांच्या जाडीवर तर मुळीच जाऊ नका. उरतं ते माप. ढोबळ ठोकताळा असा: तोर तोरचं डोकं अंगाच्या उंचीपेक्षा (पाठीपासून पोटापर्यंतच्या मापापेक्षा) आखूड, खुद्रीत दोन्ही जवळपास सारखी, आणि हिमालयाकडच्या तोर पुतितोरात डोकं उंचीहून लांब. फरक इतका बारीक, म्हणून तयारी घरूनच करून निघा.

परवानगीचा कागद सगळ्यात आधी, झेरॉक्ससकट. जाळं टाकणाऱ्या दादांशी आदल्या दिवशीच बोला. डोहाची खरी माहिती त्यांच्याकडेच असते.

कॅलिपर, म्हणजे दोन टोकांत धरून माप घ्यायचं साधन, डिजिटल आणि निमुळत्या टोकांचा घ्या, मिटवून शून्य दाखवतो का पाहा, जादा सेल खिशात टाका. त्याच्या स्क्रीनवर शंभरावा भाग दिसला तरी वहीत 0.1 मिलिमीटरपर्यंतच लिहा. वळवळत्या माशावर त्यापुढचा आकडा निव्वळ शोभेचा.

कुठून कुठवर मोजायचं हे नदीवर ठरवायचं नसतं. प्रमाण लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत. शेपूट हलकेच वाकवली की जिथे घडी पडते ती खूण. परांचे शेंडे झिजलेले असतात, ते सोडा. खरा घोळ डोक्याच्या मापात होतो. कल्ल्याचं झाकण हाडाशी संपवायचं की मागच्या मऊ पडद्याशी? समजा प्रमाण लांबी 200 मिलिमीटर आणि डोकं 50, म्हणजे 25 टक्के. पडदा धरला आणि 52 आले की थेट 26. माझी पहिली वही अशीच वाया गेली: अर्धे मासे हाडापर्यंत, अर्धे पडद्यापर्यंत, आणि कुठले कसे याची नोंदच नाही. एक काय ते ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर चित्र काढून ठेवा.

उंची मोजताना पाठीचा पर धरू नका, कॅलिपर दाबू नका, पोट दबतं. गाभोळी भरलेली मादी उंच भरते, तशी खूण करा. बोटभर पिल्लं आणि हातभर मासे एका तक्त्यात कोंबू नका, पिल्लांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. माप कायम डाव्या बाजूचं, प्रत्येक तीनदा, आणि शक्यतो एकाच माणसाच्या हातचं. बाजूच्या रेषेवरचे खवलेही मोजा. या जातींत ते आकडे एकमेकांत मिसळतात, पण नोंद असावी.

जिवंत सोडायचा मासा ओल्या टॉवेलवरच ठेवा. गुंगीसाठी लवंग तेल न्याल तर ते आधी थोड्या अल्कोहोलमध्ये मिसळा, नुसत्या पाण्यात ते नीट मिसळत नाही. ठेवायचा नमुना आधी 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. पण तो आकसतो, म्हणून त्याची मापं ताज्या माशांच्या रांगेत लावू नका.

पराचा छोटा तुकडा डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये घ्याच. इंग्रज निसर्ग-अभ्यासक साइक्सने 1839 मध्ये खुद्रीचं वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं, पण पुढे लोणावळ्यात वाढवलेली खुद्रीची पिल्लं दूरदूरच्या पाण्यात सोडली गेली. नदीवरून जात ओळखायची सोय आता राहिलेली नाही.

आणि बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरली की आत मासा असतो, पण तो कुठला, हे विचारायला कुणी उरत नाही.