रविवारी आराम हवाय? मग शनिवारी कामाला लागा

रविवारी उपासना, मग संडे स्कूल, मग कमिटीची मीटिंग आणि घरी येऊन आठवड्याचे कपडे, याला शब्बाथ (देवाने सांगितलेला विसाव्याचा दिवस) म्हणत नाहीत हो. बायबलात निर्गम १६ मध्ये मान्ना (देवाने रानात दिलेलं अन्न) सहाव्या दिवशी, शब्बाथच्या आदल्या दिवशी, दुप्पट गोळा करायला सांगितलाय, म्हणजे तयारी आदल्या दिवशीच! तर शनिवारीच भाजी चिरून, मटण मॅरीनेट करून, इस्त्री उरकून ठेवा आणि सूर्य मावळला की ऑफिसचा ग्रुप म्यूट, शब्बाथ तसाही संध्याकाळीच सुरू व्हायचा. चर्चमधलं एकच काम घ्या, बाकीच्यांना सरळ नाही म्हणा (पास्टर फार तर तोंड पाडतील). नर्सिंगवाले, शिफ्टवाले असाल तर दुसरा वार धरा, मार्क २:२७ वाचा, शब्बाथ माणसासाठी झालाय. दुपारी बिनधास्त झोपा. रात्री सकाळचंच गरम करून खायचं आणि भांडी पुरुषांनी घासायची, नाहीतर बायकांना कसली सुट्टी?