आई-मावशीला स्तनाचा कर्करोग झाला असेल तर: प्रतिबंधाची गोळी सुरू करण्याआधी

आईला 47व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, मावशीला 52व्या. दीड वर्षापूर्वी माझ्या बायोप्सीत ‘एटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया’ निघालं. कर्करोग नाही, पण पेशींची लक्षणं ठीक नाहीत. डॉक्टरांनी टॅमॉक्सिफेन ही प्रतिबंधाची गोळी सुचवली, तेव्हा आजारच नाही तर गोळी कशाला, असंच मला वाटलं.

आधी घराण्याचा कागद करा. मी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे काढला: कुणाला, कुठला कर्करोग, कितव्या वर्षी. वडिलांकडचीही माणसं लिहा, ती हमखास राहून जातात. आत्याची ‘पोटातली गाठ’ अंडाशयाची होती, हे मला काकांना फोन केल्यावर कळलं. तेवढ्यावरून डॉक्टरांनी बीआरसीए तपासणी (घराण्यातून येणारा स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा जनुकदोष शोधणारी) करायला लावली. ती निगेटिव्ह आली.

हा कागद आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन कॅन्सरतज्ज्ञांकडेच जा. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल, मूल हवं असेल, तर ते आधी सांगा. नैराश्याची गोळी चालू असेल तर तिचं नावही सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिनमुळे टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होऊ शकतो.

डोसबद्दल जरूर विचारा. 1998 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत जास्त धोका असलेल्या बायकांना रोज 20 मिलिग्रॅम, पाच वर्षं दिलं होतं. कर्करोगाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. पण गुठळ्या आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग या भीतीने बायका गोळीला नाही म्हणत. पुढे इटलीत, माझ्यासारख्या बदललेल्या पेशी सापडलेल्या 500 बायकांवर रोज फक्त 5 मिलिग्रॅम, तीनच वर्षं देऊन पाहिलं. तिथेही प्रमाण निम्म्यावर आलं, त्रास मात्र कमी. मला तर या वाटेचंच पुढे भलं दिसतं: ज्यांना खरंच धोका आहे त्यांनाच औषध, आणि तेही लागेल तेवढंच.

मला 10 मिलिग्रॅमची गोळी एकाआड एक दिवस दिली आहे. दुधाच्या खाड्यांसारखी कॅलेंडरवर फुली मारते, नाहीतर आजचा दिवस की उद्याचा, गोंधळ होतो. एकाच पोटरीला सूज, दुखणं किंवा अचानक धाप लागली तर थेट हॉस्पिटल गाठायचं. पाळी गेल्यावर किंवा अधेमधे रक्त दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. वर्षाचा मॅमोग्राम चालूच.

रात्री अंगाची आग होते. उशाशी ओला नॅपकिन ठेवते, पहाटेपर्यंत तो वाळलेला असतो.